कीर्तीचा खेळ आणि आपलीं मुलें
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालकसभेंतील भाषण)



कित्येक आईबापांनीं आम्हांस एकच प्रश्न केला आहे: तेराचौदा वर्षांच्या मुलांस ‘द सर्कल’ नांवाचा चढाओढीचा कार्यक्रम पाहूं द्यावा कीं नाहीं? प्रश्न लहान दिसतो. परंतु लोकांच्या पसंतीवरून आपली किंमत ठरविण्याची संवय मुलांस लागावी काय, हा मोठा प्रश्न त्याच्या पोटांत आहे.

प्रथम खेळाचें स्वरूप पाहूं. हा कार्यक्रम २०१८ सालीं इंग्लंडांत चॅनेल फोरवर सुरू झाला, व २०२० च्या जानेवारींत नेटफ्लिक्सनें त्याची अमेरिकन आवृत्ति काढली. स्पर्धक एकाच इमारतींत, पण निरनिराळ्या घरांत राहतात. त्यांस एकमेकांचें तोंड दिसत नाहीं. सर्व बोलणें पडद्यावरील संदेशांतून होतें. कोणी खऱ्या नांवानें खेळतो, कोणी दुसऱ्याचें छायाचित्र लावून. मधून मधून प्रत्येकानें इतरांस पसंतीक्रम द्यावयाचा. वरचा क्रम मिळेल तो ‘इन्फ्लुएन्सर’, आणि बहुधा त्यानेंच कोणास तरी खेळांतून घालवावयाचें.

इंग्लंडांत पहिल्या वर्षीं जिंकलेला तरुण आपल्या मैत्रिणीचें छायाचित्र लावून स्त्री म्हणून खेळला होता. त्यास एकंदर ७५,००० पौंड मिळाले. उलट अमेरिकेंत पहिल्या वर्षीं १,००,००० डॉलर जिंकणारा जोई सासो स्वतःच्याच नांवानें खेळला. दुसरा आलेला शुभम गोयल हा भारतीय वंशाचा तरुणही तसाच. शुभम पहिल्या मोजणींत सर्वांच्या शेवटीं होता. तरी त्यानें सोंग घेतलें नाहीं, व पुढें इतर त्यास मानूं लागले. तेव्हां या खेळांत केवळ कपटच शिकवितात असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं.

तथापि दोन गोष्टी विसरूं नयेत. एक, अमेरिकन आवृत्तीवर ती प्रौढांकरितां असल्याची खूण आहे. तींतील शिवराळ बोलणें व प्रणयाच्या उघड गप्पा लहानांच्या कानीं पडण्याजोग्या नाहींत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. प्रौढ स्पर्धकाचा खेळ कांहीं आठवड्यांत संपतो. बाहेर घालविलेल्यासही जातां जातां एखाद्या स्पर्धकास समक्ष भेटतां येतें, आणि खरें खोटें उघड होतें. शाळेंतील सोबत्यांनीं फोनवरील गटांतून काढून टाकलेल्या मुलीला अशी भेट कोण देणार? तिचा खेळ रात्रीं उशाशीं असतो. ऑस्ट्रेलियानें सोळा वर्षांखालील मुलांस अशा माध्यमांवर खातें ठेवण्याची बंदी १० डिसेंबर २०२५ पासून अंमलांत आणली, तिच्या मुळाशीं हीच काळजी आहे.

म्हणून आमचें मत असें कीं, सोळा वर्षांच्या आंत हा कार्यक्रम दाखवूं नये. त्यापुढें आईबापांनीं शेजारीं बसून पाहावा, व विचारावें: तुझा विश्वास कोणावर बसला? कशावरून? दुसऱ्यास घालवितांना या माणसानें कोणतें कारण सांगितलें, आणि खरें कोणतें होतें?

मात्र जे आईबाप मुलाच्या पहिल्या कम्युनियनचें छायाचित्र फोनवर टाकून संध्याकाळपर्यंत ‘लाइक’ मोजीत बसतात, त्यांच्या मनाईला वजन कोठून येणार? मूल कार्यक्रमापूर्वीं आपल्याकडे पाहून शिकतें. त्यास घरांत कोणत्याही मोजणीवांचून मान मिळूं द्या. मग पडद्यावरील क्रम त्यास खेळापुरताच वाटेल.

इतकें बोलून आम्ही आपली रजा घेतों.