दाढेची सूज कुठवर जाते?

(मंडळीच्या सभेत केलेले भाषण)



आज मी दाढेबद्दल बोलणार आहे. हसू नका. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, घाटघर-रतनवाडीकडच्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांवर एक प्रश्न मला नेहमी ऐकू येतो : "ताई, दातानं कुठं कोणी मरतं का?" मी डॉक्टर नाही. पण डॉक्टरांकडून समजून घेतले आहे, आणि उत्तर 'हो' असे आहे.

आपण मटण साफ करतो तेव्हा मांसाच्या दोन गोळ्यांमध्ये पांढरट पातळ पापुद्रा दिसतो. बोट घातले की गोळे सहज सुटे होतात. आपल्या चेहऱ्यात आणि मानेतही असेच पापुद्रे आहेत. निरोगी माणसात त्यांच्यामधली जागा बंद असते, पण पू शिरला की ती उघडत जाते. एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात असा पू सरकतो.

दाढ किडते, कीड आत नसेपर्यंत पोचते, मुळाशी पू होतो. हाडात कोंडलेला पू फार ठणकतो. मग तो हाड पोखरून बाहेर पडतो आणि ठणका एकदम कमी होतो. इथेच फसगत होते. माणूस म्हणतो, बरे वाटले, मिश्रीने गुण आला. खरे तर पुवाला वाट सापडलेली असते.

ती वाट कोणती, हे दातावर ठरते. वरच्या सुळ्याचा पू नाकाच्या बाजूने डोळ्याखाली चढतो. तिथल्या शिरा कवटीच्या आतल्या शिरांशी जोडलेल्या आहेत, म्हणून डोळा सुजला तर थांबू नये. खालच्या मागच्या दाढांचे मला जास्त भय वाटते. जिभेखाली स्नायूची एक झोळी ताणलेली असते. पुढच्या दातांची मुळे झोळीच्या वर संपतात, शेवटच्या दोन दाढांची मुळे मात्र बहुधा तिच्या खाली उतरलेली असतात. त्यांचा पू जबड्याखाली जातो, झोळीच्या मागच्या कडेने वर जिभेखाली येतो, दुसऱ्या बाजूलाही पसरतो. जीभ वर आणि मागे ढकलली जाते आणि श्वासाची वाट अडते. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी 1836 साली याचे वर्णन केले, म्हणून याला लुडविगचा अँजायना म्हणतात. हृदयाच्या दुखण्याशी याचा संबंध नाही. इथे अर्थ गळा आवळला जाणे असा. प्रतिजैविके नव्हती तेव्हा निम्म्याहून अधिक रोगी दगावत. आजही उशीर झाला तर पू मानेतून छातीत उतरू शकतो. मधुमेह असलेल्यांना धोका अधिक.

आता भातलावणीचे दिवस डोळ्यांसमोर आणा. पाऊस कोसळतो आहे, चिखलात आवण उपटायचे आहे, चार दिवसांत लावणी उरकली नाही तर वर्षाचे धान्य गेले. अशा वेळी दाढेसाठी कोण राजूरला जाईल? दुकानातली ठणक्याची गोळी घेतात, लवंग धरतात, पुन्हा कामाला लागतात. त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ज्याच्या मजुरीवर आज चूल पेटायची आहे, त्याचा हिशोब चुकीचा नसतो. त्याला एवढेच सांगायचे असते की अमुक खूण दिसली की लावणी सोडून निघायचे.

त्या खुणा आमच्या वाडीवरच्या कार्यकर्त्यांना पाठ आहेत. तोंड दोन बोटेही उघडत नाही. थुंकी गिळता येत नाही, लाळ गळते. हनुवटीखाली दोन्हीकडे लाकडासारखी कडक सूज. जीभ वर आलेली, आवाज घोगरा, आडवे झाले की जीव घाबरतो. यातले एक दिसले तरी सकाळची वाट पाहू नये, 108 ला फोन करावा. रोग्याला बसवूनच न्यावे, उताणे झोपवू नये. सूज दाबू नये, सुईने फोडू नये. नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. पू काढावा लागतो, दाढेवर उपचार करावा लागतो किंवा ती काढावी लागते, आणि आधी श्वास सांभाळावा लागतो. म्हणून सर्व सोयी असलेले रुग्णालयच गाठायला हवे.

कोणाच्या तोंडात डोकावायचा आपल्याला संकोच वाटतो. मार्कच्या 7व्या अध्यायात प्रभूने एका बहिऱ्या-तोतऱ्या माणसाला गर्दीतून बाजूला नेले आणि त्याच्या जिभेला हात लावला. मोबाइलच्या उजेडात एखाद्या आजीची दाढ पाहताना मला तो प्रसंग आठवतो.

आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. घाटघरहून नगरला यायचे म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटर. पावसात गाडी वस्तीपर्यंत पोचत नाही. रोग्याला झोळीत घालून सडकेवर आणावे लागते, आणि रुग्णवाहिका अडकली तर खासगी जीप करावी लागते. ते भाडे रात्री कोणाकडे उसने मागायचे, यातच दोन तास जातात. म्हणून तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. जीपभाड्यासाठी वस्तीवरच एका कार्यकर्तीजवळ थोडी रक्कम कायम असावी, त्यात वाटा द्या. आणि मंडळीत दाताचे डॉक्टर किंवा शिकणारी मुले असतील, तर लावणीच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, दोन दिवस आमच्याबरोबर वर या. किडकी दाढ तेव्हाच निघाली तर जुलैत झोळी बांधावी लागत नाही. नावे आज उपासनेनंतर पाळकसाहेबांकडे द्या.