ओव्हन नाही? तवा आहे की!

कळंब्यातून बोलतोय. आजचा विषय: घरात ओव्हन नसताना पिझ्झा, तोही बेससकट.

धाकटा भाऊ दहावी पास झाला. पार्टी म्हणून मी त्याला पिझ्झा कबूल केलेला. पण महिनाअखेर, खिशात दोनशे रुपये आणि खाणारे पाच जण. म्हटलं, घरीच करू की!

झालं काय, यीस्ट मी कढत पाण्यात टाकलं. दोन तास गेले तरी गोळा फुगेना. तसाच भाजला. बेस झाला पाटीसारखा कडक! भावानं गुपचूप खाल्ला आणि म्हणाला, "चांगला झालाय, दादा." ते मला लागलं राव. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

मग नीट समजून घेतलं. यीस्ट जिवंत असतं. ते साखर खातं आणि वायू सोडतं, त्यानं पीठ फुगतं. कढत पाण्यात ते मरतं. म्हणून पाणी कोमटच, बोट बुडवलं तर चटका बसायला नको. त्यात चिमूटभर साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटं थांबा. फेस आला तर पुढे जा. नाही आला तर तिथंच थांबा, मैदा तरी वाचेल.

माप लिहून घ्या, दोन छोट्या पिझ्झ्यांचं. मैदा 250 ग्रॅम, पाणी 160 मिली, यीस्ट 3 ग्रॅम, मीठ 5 ग्रॅम, तेल एक चमचा. दहा मिनिटं मळायचं. हाताला चिकटतंय म्हणून मैदा वाढवत बसू नका.

आजी बघत होती. म्हणाली, "भाकरीचं पीठ असं ताणत नाही बघ." बरोबरच आहे! ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून भाकरी थापावी लागते. गव्हात असतं. मळल्यावर त्याचं जाळं होतं आणि यीस्टचा वायू त्यात अडकतो.

गोळा झाकून ठेवा. उन्हाळ्यात तासाभरात दुप्पट होतो, थंडीत दोन तास लागू शकतात. घड्याळ बघू नका, गोळा बघा.

तोवर चार टोमॅटो, लसूण आणि अर्धा चमचा कांदा-लसूण मसाला घालून सॉस आटवा. पातळ राहिला तर बेस ओला होतो. चीज मोझरेलाच घ्या. साध्या प्रोसेस्ड चीजला तशी तार येत नाही.

आता भाजणं. नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत पिझ्झा साठ-नव्वद सेकंदांत होतो, कारण वरूनही प्रचंड आच मिळते. तव्यावर आच फक्त खालून. म्हणून जाड तवा तापवा, बेस एका बाजूनं दोन मिनिटं भाजून उलटा. भाजलेल्या बाजूवर सॉस, चीज, कांदा, ढबू मिरची घाला. घट्ट झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सहा मिनिटं. चीज वितळलं की उतरवा.

पुढच्या रविवारी माप दुप्पट करून परत केला. या वेळी भाऊ "चांगला झालाय" वगैरे काही म्हणाला नाही. माझ्या ताटातला तुकडा उचलला आणि पळाला!

तुम्ही करून बघा. फसला तर कुठं फसला, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!