साथीचे आंकडे आणि घरोघरचा विश्वास



साथीचा रोग आला म्हणजे शहरांत दोन गोष्टी एकदम सुरू होतात. माणसें आजारी पडूं लागतात, आणि त्यांची मोजदाद होऊं लागते. पहिली गोष्ट सर्वांना दिसते. दुसरी मात्र कचेरींत, कागदावर, मुकाट्यानें चालते. आणि तिच्याविषयीं आपल्यापैकीं बहुतेकांची समजूत अशी असते कीं, हा डॉक्टरांचा आणि अधिकाऱ्यांचा मामला आहे. आपला त्याच्याशीं संबंध सकाळीं वर्तमानपत्रांतला आंकडा वाचून सुस्कारा टाकण्यापुरताच. ही समजूत चुकीची आहे, असें मला आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे. आंकडा कचेरींत लिहिला जातो, पण त्याचा जन्म घरांत होतो. घर बोललें नाहीं तर कचेरी आंधळी होते. आणि घर बोलेल कीं नाहीं, हें कचेरीच्या वागणुकीवर अवलंबून असतें. मुंबई आणि पुणें या दोन शहरांनीं सव्वाशें वर्षांत तीन मोठ्या साथी पाहिल्या. त्यांच्याच आधारें हा विचार आपण करूं.

सन १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईंतील मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं एका रुग्णाच्या लक्षणांवरून हा गांठीचा ताप म्हणजे प्लेगच होय, असें निदान केलें. रोगाला नांव मिळालें खरें, परंतु त्याबरोबर भीतीही आली. रुग्ण सापडला कीं त्याला रुग्णालयांत नेणार, घर धुवून काढणार, सामान जाळणार, हें दिसूं लागतांच लोक रुग्ण लपवूं लागले. ऑक्टोबरमध्यें तर गिरणी-कामगारांच्या एका मोठ्या जमावानें आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली. अशा वातावरणांत मृत्यु प्लेगानें झाला असला तरी तो दुसऱ्याच कोणत्या तरी तापाच्या नांवावर नोंदला जाई. मग खरा आंकडा कळावा कसा? त्यास उपाय एकच होता. रोगाचें नांव बाजूस ठेवून शहरांतील एकूण मृत्यु मोजावयाचे, मागील वर्षांच्या त्याच आठवड्यांतील सरासरीशीं ते ताडून पाहावयाचे, आणि जी वाढ दिसेल ती साथीच्या खातीं धरावयाची. रोगाचें नांव लपवितां येतें. प्रेत लपविणें तितकें सोपें नसतें. आजही जगभर साथींतील जीवितहानि ठरवितांना हीच रीति सर्वांत भरंवशाची मानतात.

परंतु या हिशेबालाही एक मेख होती. मुंबईची वस्ती तेव्हां आठ लाखांवर होती, आणि १८९७ च्या आरंभीं तिच्यांतील जवळजवळ निम्मी माणसें शहर सोडून गेली होतीं. वस्ती निम्म्यावर आली असतां मृत्यूंचा आंकडा तितकाच राहिला, तर साथ स्थिर आहे असें म्हणावयाचें कीं दुप्पट झाली असें? अंशाच्या खालीं छेद लिहिल्यावांचून अपूर्णांक वाचतां येत नाहीं, हें शाळेंत शिकलेलें गणित साथीच्या वेळीं आपण नेमके विसरतों. शिवाय जीं माणसें गेलीं तीं कोठें गेलीं? आगगाडीनें पुण्यास, नाशकास, कोंकणांत आणि देशावर. मुंबईच्या तक्त्यांतून कमी झालेला आंकडा कांहीं आठवड्यांनीं दुसऱ्या गांवच्या तक्त्यांत उमटला.

पुण्यांत जें घडलें तें सर्वश्रुतच आहे. फेब्रुवारी १८९७ मध्यें साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि मार्चमध्यें रँड यांच्या प्लेग-कमिटीनें घरोघर तपासणीसाठीं गोरे सोल्जर पाठविले. माजघरापर्यंत बूट गेले, देव्हाऱ्याचाही मुलाहिजा राहिला नाहीं. २२ जूनच्या रात्रीं रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. त्या घटनेच्या राजकीय बाजूंत आज मला शिरावयाचें नाहीं. आरोग्याच्या दृष्टीनें पाहतां मात्र एक धडा स्पष्ट आहे. रोगी हुडकून काढणें हा ज्या तपासणीचा हेतु, तिच्याच धाकानें लोक रोगी लपवूं लागले. सक्तीनें मिळविलेला आंकडा नेहमीं अपुरा राहतो, कारण ज्याला भीति वाटते तो दार आंतून लावून घेतो.

याच काळांत दुसराही मार्ग दिसत होता. सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली, आणि त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें निधन झालें. लोकमान्य टिळकांनीं हिंदु प्लेग हॉस्पिटलच्या उभारणींत पुढाकार घेतला. मुंबईंत निरनिराळ्या समाजांनीं आपापलीं रुग्णालयें उघडलीं. जेथें आपल्या भाषेचें माणूस आणि आपल्या चालीरीतींचा मान, तेथें लोक आपण होऊन आपला रुग्ण आणीत. डॉ. हाफकिन यांनीं तयार केलेली लस त्यांनीं प्रथम, जानेवारी १८९७ मध्यें, स्वतःच्याच अंगांत टोंचून घेतली. आणि पुढें आगाखानांनीं ती सर्वांदेखत टोंचून घेतली, तेव्हां त्यांच्या अनुयायांचा संकोच ओसरला. हुकूम करूं शकत नाहीं तें काम उदाहरण करतें.

आतां या प्लेगच्याच इतिहासांतील एक विशेष मनोरंजक भाग सांगतों. घरांत उंदीर पडूं लागले कीं गांव सोडावा आणि माळावर झोंपड्या घालून राहावें, हें खेड्यांतील बाया-माणसांना कोणत्याही शास्त्रज्ञानें शिकविलेलें नव्हतें. पुढें १९०५ पासून मुंबईंत परळच्या प्रयोगशाळेंत प्लेग-संशोधन मंडळानें हजारों उंदीर तपासले, आणि असें दाखवून दिलें कीं, घरांतील उंदरांची साथ शिगेस पोंचल्यानंतर सुमारें दहा ते चौदा दिवसांनीं माणसांची साथ शिगेस पोंचते. मेलेल्या उंदराच्या अंगावरील पिसवा मधल्या काळांत माणसाकडे वळतात. म्हणजे ज्यानें उंदीर मोजले त्याच्या पदरीं पंधरवड्याचा अवधि पडला. साथीची मोजणी कशासाठीं करावयाची याचें याहून चांगलें उत्तर नाहीं. किती गेले याचा जमाखर्च हा तिचा गौण हेतु. पुढें काय येत आहे याची वर्दी मिळविणें हा मुख्य हेतु. अलीकडे सांडपाण्यांत विषाणूंचे अंश शोधून साथीचा माग काढतात, त्याचें तत्त्व हेंच आहे.

दुसरी साथ १९१८ च्या इन्फ्लुएंझाची. जूनमध्यें ती मुंबईच्या गोदींतून शहरांत शिरली, पावसाळ्यांत थोडी दबली, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत अशी उसळली कीं, ६ ऑक्टोबर या एकाच दिवशीं मुंबईंत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. खेड्यापाड्यांत तर नोंद ठेवणारेच अंथरुणास खिळले. प्रारंभींचा सरकारी अंदाज देशांत पन्नास-साठ लाख मेल्याचा होता. १९२१ ची शिरगणती झाली तेव्हां दहा वर्षांत हिंदुस्थानची लोकसंख्या अपेक्षेप्रमाणें वाढली नसल्याचें दिसलें, आणि अंदाज दुपटीहून वर गेला. तीन वर्षांनीं समजलेलें सत्य मेलेल्यांच्या काय उपयोगाचें?

याच साथींतील मुंबईचे आणखी दोन आंकडे ऐका. युरोपियनांत हजारीं ८.३ माणसें दगावलीं. ज्यांना त्या तक्त्यांत हलक्या जातींचे म्हटलें होतें त्या हिंदूंत हजारीं ६१.६. रोग तोच आणि शहर तेंच. पण हवेशीर बंगला आणि चाळीची अंधारी खोली यांत सातपटींहून अधिक अंतर! साऱ्या शहराची एकच सरासरी काढली असती तर हें अंतर तींत बुडून गेलें असतें. सरासरी ही पुष्कळदां सोयीची असते, आणि म्हणूनच ती फसवी असते.

तिसरी साथ आपल्यांतील बहुतेकांनीं स्वतः भोगली. ९ मार्च २०२० रोजीं पुण्यांत कोविडचे पहिले रुग्ण निघाले, दोनच दिवसांनीं मुंबईंत, आणि १ एप्रिल रोजीं धारावींत. अडीच चौरस किलोमीटरांहूनही लहान असा तो भाग. लाखों लोकांची वस्ती, आणि बहुसंख्यांना सार्वजनिक शौचकूपांवांचून गति नाहीं. तेथें घरीं बसा, अंतर ठेवा, हा उपदेश व्यर्थ होता. महापालिकेनें रुग्ण येण्याची वाट न पाहतां स्थानिक डॉक्टरांना बरोबर घेऊन घरोघर ताप तपासला. संशयितांना शाळांत आणि सभागृहांत ठेवून त्यांच्या जेवणाची सोय केली. शौचकूप वरचेवर स्वच्छ केले. जुलै २०२० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनीं धारावीचें नांव घेऊन प्रशंसा केली. दारावरची थाप १८९७ मध्येंही पडली होती आणि २०२० मध्येंही पडली. पण दुसऱ्या वेळीं थाप देणाराच्या बरोबर गल्लींतला ओळखीचा डॉक्टर होता.

त्याच वर्षीं जुलै महिन्यांत मुंबईच्या तीन विभागांत सुमारें सात हजार लोकांचें रक्त तपासलें गेलें. झोंपडवस्तींत शंभरांपैकीं ५७ जणांस रोग होऊन गेल्याची खूण सांपडली. इतर वस्तींत १६ जणांस. १९१८ चें अंतर दुसऱ्या रूपानें पुन्हां प्रकट झालें. आणि रोजच्या तक्त्यांत जे रुग्ण दिसत होते त्यांच्या कितीतरी पटींनीं अधिक माणसांना रोग होऊन गेला होता, हेंही त्याच वेळीं कळलें.

आंकड्यांच्या दुसऱ्या एका स्वभावाची ओळखही याच साथीनें करून दिली. १६ जून २०२० रोजीं महाराष्ट्राच्या मृत्युसंख्येंत पूर्वीं नोंदीवांचून राहिलेले १,३२८ मृत्यु एकदम मिळविले गेले; त्यांतील ८६२ मुंबईचे होते. तीं माणसें त्या दिवशीं मेलेलीं नव्हतीं. त्यांचे कागद त्या दिवशीं पोंचले होते. मृत्यूचा दिवस आणि नोंदीचा दिवस हे दोन निराळे दिवस आहेत. साऱ्या देशाच्या बाबतींत तर हा वाद मिटलेलाच नाहीं. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत सरकारी नोंदीप्रमाणें सुमारें पावणेपांच लाख मृत्यु झाले; जागतिक आरोग्य संघटनेनें मे २०२२ मध्यें तो अंदाज सत्तेचाळीस लाखांचा दिला, आणि भारत सरकारनें तो अमान्य केला. हें अंतर केवळ गणितज्ञांच्या वादाचा विषय नाहीं. त्या अंतरांत कोणाची तरी आई आहे, कोणाचा तरी मुलगा आहे. त्यांचें जाणें कोठल्या रकान्यांत लिहावें हें अजून ठरलेलें नाहीं.

तेव्हां पुढच्या वेळीं साथीचा आंकडा समोर आला, तर त्याला चार प्रश्न विचारावे. हा कोणत्या दिवसाचा? किती तपासण्यांतून निघालेला? कोणत्या वस्तीचा? आणि एकूण मृत्यूंशीं त्याचा मेळ बसतो काय? चारांचीं उत्तरें मिळालीं तर घाबरण्याचें कारण कमी होतें, आणि गाफील राहण्याचेंही.

परंतु प्रश्न विचारणाराचेंही कांहीं कर्तव्य आहे. जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा १९६९ चा कायदा सबंध देशाला लागू आहे. मृत्यूची वर्दी एकवीस दिवसांच्या आंत देणें त्यानें बंधनकारक केलें आहे. सुशिक्षित घरांत ही नोंद होते, पण ती पुष्कळदां विमा आणि वारसा यांच्या सोयीसाठीं होते. मृत्यूचें कारण नीट लिहिलें गेलें कीं नाहीं, इकडे कोणी पाहत नाहीं. लोकलज्जेस्तव रोगाचें नांव टाळावें, डॉक्टरांस दुसरें कांहीं लिहावयास सांगावें, असे प्रकारही प्रतिष्ठित घरांतच अधिक होतात. शेजारच्या आळींत आठ दिवसांनीं तोच रोग शिरतो, तेव्हां त्या लपविलेल्या एका आंकड्याचें मोल कोणीतरी भरीत असतें. आपल्या घरांत काम करण्यास येणारी बाई तापानें पडली, तर तिची रजा कापण्याऐवजीं तिला दवाखान्यांत पोंचविणें हीही साथीची मोजणीच होय; कारण रोजगार बुडण्याची भीति ज्याला आहे, तो आजार सांगत नाहीं.

साथ पुन्हां येणार नाहीं असें कोणी सांगूं शकत नाहीं. ती येईल त्या दिवशीं विश्वास उत्पन्न करावयास वेळ नसेल. तो आधींच, साधासुधा ताप-खोकला असतांना, आपल्या विभागाच्या आरोग्य-कचेरीनें आणि आपण मिळून जोडून ठेवला पाहिजे. तो जोडलेला असला, तर तक्त्यांतला आंकडा खरा उतरेल. आणि खरा आंकडा वेळेवर मिळाला, तर पुढचा आंकडा लहान करणें पुष्कळ अंशीं आपल्या हातीं राहील.