संशोधनाचा पोशिंदा

शास्त्रीय संशोधनाचा भार सरकारने वाहावा की उद्योगपतींनी, हा वाद जुना आहे. त्यात प्रत्येक पक्ष दुसऱ्याच्या कर्तव्यावर बोट ठेवतो. आपल्याकडील दोन संस्थांचा जन्मवृत्तान्त या वादावर चांगला प्रकाश टाकतो.

बडोदे संस्थानातील नवसारी येथे जन्मलेल्या जमशेटजी टाटांनी १८९८ साली एका विज्ञानसंस्थेची योजना पुढे आणली आणि तिच्यासाठी सुमारे ३० लाख रुपयांच्या मिळकती देऊ केल्या. एवढे दान समोर असूनही सरकारच्या शंका संपेनात. येथून शिकून बाहेर पडणाऱ्यांना काम कोठे मिळणार, असा व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांचा आक्षेप होता. अखेर म्हैसूर दरबारने ३७१ एकर जमीन दिली, सरकारनेही साहाय्य मान्य केले आणि १९०९ साली बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली. जमशेटजी मात्र १९०४ सालीच निवर्तले होते.

मार्च १९४४ मध्ये होमी भाभांनी मूलभूत संशोधनासाठी टाटा न्यासाकडे साहाय्य मागितले. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. मुंबई सरकारनेही तिला हात दिला, आणि पुढे खर्चाचा मोठा भार केंद्र सरकारने उचलला. पुणे जिल्ह्यात खोडदच्या परिसरात याच संस्थेने उभारलेल्या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. दूरच्या आकाशगंगांतील हायड्रोजनचा क्षीण संकेत टिपण्यात कोणत्या कारखान्याला नफा दिसावा?

दात्याच्या धनाला धाडस असते. एका माणसाचा निश्चय त्याला पुरतो. सरकारच्या धनाला, मनात आणल्यास, धीर असतो. उद्योगाच्या धनाला फळाची घाई असते. पण प्रयोगशाळेतील शोध घरोघर पोहोचतो तो त्या घाईमुळेच. यांपैकी एकाचे काम दुसऱ्याने होत नाही.

भारतात २०२०-२१ साली संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघे ०.६४ टक्के खर्च झाले. त्यात खाजगी उद्योगांचा वाटा सुमारे ३६ टक्के होता. या आकड्यांपुढे कोणत्याच पक्षाला दुसऱ्याकडे बोट दाखविता येत नाही. जमशेटजींना आपली संस्था पाहावयास मिळाली नाही. वाद मिटण्याची वाट पाहणाऱ्या तरुण संशोधकांची उमेदीची वर्षे तरी अशी वाया जाऊ नयेत.