घरात बसून आकाशाशी

एप्रिल 2020. कोरोनाच्या साथीमुळे ब्रिटनमध्ये रस्ते ओस पडले होते, माणसं घरात अडकली होती. तेव्हा 'रेडिओ सोसायटी ऑफ ग्रेट ब्रिटन' या हौशी रेडिओवाल्यांच्या संस्थेनं सरकारी आरोग्यसेवेसोबत मोहीम काढली : एकट्या पडलेल्यांशी रेडिओवर बोला. परवान्याची प्राथमिक परीक्षाही त्याच काळात घरबसल्या देता येऊ लागली.

घरी रेडिओ संच बांधणाऱ्यांसाठी एक अस्सल भारतीय आराखडा आधीपासूनच तयार होता, हैदराबादच्या अशहर फरहान यांचा 'बिटएक्स'. बोलताना आणि ऐकताना यात एकच फिल्टर, तेच ऑसिलेटर वापरले जातात, म्हणून सुटे भाग कमी लागतात. आणि कॉइल कशावर गुंडाळायची? महागड्या टोरॉइडऐवजी, म्हणजे चुंबकीय कड्याऐवजी, चक्क नळाच्या वॉशरवर! काटकसरीतली ही कल्पकता खरोखर दाद देण्याजोगी आहे.

एरियल त्याहून सोपं. 7 मेगाहर्ट्झसाठी सुमारे 20 मीटर तांब्याची तार घ्यायची, बरोबर मध्ये तोडायची, तिथे केबल जोडायची आणि गच्चीवर ताणायची. झाला डायपोल. विजेच्या तारांपासून मात्र तो लांबच हवा.

भारतात प्रक्षेपणासाठी परीक्षा देऊन केंद्र सरकारचा परवाना घ्यावा लागतो. श्रोतेहो, सोल्डरिंगचा हात बसवतानाच त्या परीक्षेचा अभ्यासही सुरू करा.