परदेशातले पहिले चौदा दिवस

मी भिलाईहून बोलतोय. फौजेतून निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. सकाळी फिरायला जाणं, बागेत थोडी माती उकरणं आणि पुतण्या-भाच्यांना फुकटचे सल्ले देणं, एवढाच सध्याचा व्यवसाय आहे. त्यातलाच एक सल्ला मागच्या काही वर्षांपूर्वी माझ्या चांगलाच अंगाशी आला. आज त्याबद्दल बोलणार आहे.

दरवर्षी एप्रिल-मे महिन्यात आपल्या ओळखीतलं कुणाचं तरी पोर उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी परदेशात जातं. जर्मनी, कॅनडा, जपान, कुठेही. दोन-तीन महिन्यांचा मामला असतो. त्यामुळे घरातले म्हणतात, 'अरे, दोनच तर महिने! डोळ्यांची पापणी लवेपर्यंत परत येईल.' मीही असंच म्हणालो होतो.

माझी पुतणी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तिची दहा आठवड्यांसाठी निवड झाली. आमच्या घराला पोलादाचा वास आहे, कारण माझे वडील, म्हणजे तिचे आजोबा, भिलाईच्या कारखान्यात होते. त्यामुळे धातूंवर काम करायला पोरगी जर्मनीला चालली, याचा सगळ्यांना केवढा आनंद! स्टेशनवर अर्धा सेक्टर सोडायला आला होता.

ती मे महिन्यातल्या एका शनिवारी रात्री पोचली. खोलीची किल्ली मिळाली, खोली स्वच्छ होती, पलंगावर गादी होती. पण गादीवर चादर नाही, उशी नाही, पांघरूण नाही. तिकडे 'फर्निश्ड' खोली म्हणजे लाकूडसामान. अंथरूण-पांघरूण ज्याचं त्यानं आणायचं. ठीक आहे, उद्या आणू, असं म्हणून ती अंगावर कोट घेऊन झोपली. दुसऱ्या दिवशी रविवार. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, म्हणजे अगदी कुलूपबंद. तो रविवार नेमका पेंटेकॉस्टचा, त्यामुळे सोमवारीही सुट्टी. तीन रात्री पोरगी कोटाखाली झोपली आणि आईनं दिलेल्या बेसनाच्या लाडवांवर राहिली. मोठ्या रेल्वे स्टेशनांतली दुकानं रविवारीही उघडी असतात, हे तिला नंतर कळलं. कुणाला विचारलं असतं तर पहिल्या दिवशीच कळलं असतं. पण विचारणार कुणाला?

मंगळवारी ती प्रयोगशाळेत गेली. ज्यांच्या हाताखाली काम करायचं ते परिषदेसाठी आठवडाभर बाहेरगावी गेलेले. तिला एक टेबल दाखवलं, वाचायला काही शोधनिबंध दिले आणि सगळे आपापल्या कामाला लागले. दुपारी बाराच्या सुमारास कॉरिडॉरमध्ये भेटणारा प्रत्येक जण तिला 'माल्त्साइट' असं काहीतरी म्हणून पुढे जायचा. तिला वाटायचं, हे काहीतरी विचारताहेत आणि मला उत्तर देता येत नाही. ती मान खाली घालायची. प्रत्यक्षात तो जेवणाच्या वेळेचा नमस्कार होता. नुसतं हसून तेच परत म्हटलं असतं तरी भागलं असतं.

आपल्याकडे नवीन माणूस आला की कुणीतरी म्हणतंच, 'चल गं, जेवायला.' तिकडे दुसऱ्याच्या वेळेत न घुसणं ही सभ्यता मानली जाते. तिनं त्याचा अर्थ लावला की आपण इथे कुणाला नको आहोत. संध्याकाळी खोलीवर फोडणी घातली तर छतावरचं धुराचं यंत्र कोकलायला लागलं आणि शेजारचे दारात आले. घरून नेलेला ॲल्युमिनियमचा कुकर तिथल्या इंडक्शन शेगडीवर तापेचना. साडेनऊ वाजले तरी बाहेर उजेड, त्यामुळे झोप लागेना. या सगळ्या गोष्टी एकेकट्या पाहिल्या तर हसण्यासारख्या आहेत. पण एकाच आठवड्यात, एकट्या एकवीस वर्षांच्या मुलीवर आल्या की त्यांचं ओझं होतं.

दहाव्या दिवशी तिनं मला फोन केला. म्हणाली, 'काका, मला इथे जमेल असं वाटत नाही.'

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, 'फौजीच्या घरातली आहेस. सहन करायला शीक. दोन महिने म्हणजे काय!'

ती 'हो काका' म्हणाली. त्यानंतर तिनं मला काही सांगणंच बंद केलं. रोज व्हिडिओ कॉलवर आई-बाबांना 'मस्त चाललंय' म्हणायची. तिच्या त्या 'मस्त'मधलं काही मला ओळखू आलं नाही. ओळखलं ते माझ्या बायकोनं. तिनं मला विचारलं, 'ही दिवसाच्या कुठल्याही वेळी फोन केला तरी खोलीतच कशी असते हो? आणि पडदे नेहमी ओढलेले का असतात?' त्यांचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असतं. आपल्याकडे दुपारचे चार म्हणजे तिकडे साडेबारा. त्या वेळी ती प्रयोगशाळेत असायला हवी होती.

मग काकूनं फोन घेतला. 'कशी आहेस' असं विचारलंच नाही. म्हणाली, 'काल रात्री काय जेवलीस?' पलीकडे शांतता. मग रडणं. चार दिवस ती खोलीबाहेर पडली नव्हती. प्रयोगशाळेत ताप आल्याचं कळवून टाकलं होतं.

मंडळी, त्या रात्री मला झोप आली नाही. आठवत होता तो माझा सल्ला. कारण फौजेत मी माझ्या जवानांना असा सल्ला कधीच दिला नसता.

आम्ही जवानांना उंच पहाडात पाठवतो तेव्हा काय करतो, सांगतो. लेह साधारण साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. विमानातून उतरलेला जवान कितीही तगडा असो, त्याला लगेच कामाला लावत नाहीत. २७०० ते ३६०० मीटरच्या टप्प्यात सहा दिवस. त्यातले पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती, मग थोडं थोडं चालणं. त्यावर ४५०० मीटरपर्यंत चार दिवस. त्याच्याही वर जायचं तर आणखी चार दिवस. एकूण चौदा. हवेत प्राणवायू कमी असतो आणि शरीराला तो पुरवून वापरायला शिकायला वेळ लागतो. पैलवानालाही लागतो. त्यात कमीपणा काही नाही, तो कार्यक्रमच आहे.

आणि त्या चौदा दिवसांतला सर्वांत कडक नियम हा, की डोकं दुखलं, खोकला आला, दम लागला, तर लगेच सांगायचं. जो लपवतो तो मरू शकतो. फुफ्फुसात पाणी भरतं आणि काही तासांत खेळ संपतो. शिवाय प्रत्येकाला एक जोडीदार असतो, आम्ही त्याला 'बडी' म्हणतो. तुझं डोकं दुखतंय हे तुझ्याआधी त्याला कळलं पाहिजे.

हे सगळं मला पाठ होतं. घरच्या पोरीच्या बाबतीत मात्र मी ते विसरलो. डोकं दुखतंय म्हणून ती सांगायला आली आणि मी तिला म्हणालो, चढत राहा.

आपल्या मराठी माणसांच्या इतिहासातही याची उदाहरणं आहेत. आनंदीबाई जोशी ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. आपण त्यांची पदवी लक्षात ठेवतो. पण त्यांचा पहिला उन्हाळा कुठे गेला, ते पाहा. न्यू जर्सीतल्या रोझेल गावात, कार्पेंटर कुटुंबाच्या घरात. त्या बाईंना त्या मावशी म्हणत. त्या घरात त्या रुळल्या, आपला स्वयंपाक करून त्यांनी लोकांना वाढला. तो त्यांचा पहिला टप्पा. पुढे फिलाडेल्फियाला कॉलेजसाठी गेल्यावर जी खोली मिळाली तिची शेगडी धड नव्हती, असं त्यांच्या चरित्रांत वाचायला मिळतं. पेटवावी तर धूर, न पेटवावी तर थंडी. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला क्षयानं गेल्या. वय पुरतं बावीसही नव्हतं. त्या खोलीनं त्यांना नेलं असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणतो, की सोसण्याचं कौतुक करताना आपण शेगडी दुरुस्त करायला विसरतो.

दुसरीकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. आधी हार्टली हॉल या वसतिगृहात राहिले. तिथलं जेवण मानवेना. मग ते सोडून कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, जिथे काही भारतीय विद्यार्थी होते. तिथून पुढे लिव्हिंग्स्टन हॉल. तिथे नवल भथेना हे पारशी मित्र भेटले आणि ती मैत्री जन्मभर टिकली. बाबासाहेबांइतकं सोसलेला माणूस दुसरा दाखवता येणार नाही. पण न मानवणारी खोली त्यांनी सोसत बसून काढली नाही. जागा बदलली, माणसं शोधली आणि मग अठरा-अठरा तास अभ्यास केला.

तर पुतणीचं पुढे काय झालं? मी तिला दुसऱ्या दिवशी फोन केला आणि आधी माफी मागितली. म्हटलं, 'बाळा, काकांनी चुकीचा हुकूम दिला होता. तो रद्द. आता नवा कार्यक्रम.' आज फक्त खाली उतरून पाव आणि दूध आणायचं. उद्या प्रयोगशाळेत दोन तास. परवा कुणातरी एकाला एक वाक्य विचारायचं, 'मी तुमच्याबरोबर जेवायला येऊ का?' बस्स.

तिसऱ्या दिवशी तिनं शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या पीएचडीच्या मुलीला ते वाक्य विचारलं. ती मुलगी म्हणाली, 'अगं, चल ना! आम्हाला वाटलं, तुला एकटीला वाचायला आवडतं.' दोन्ही बाजूंनी सभ्यतेत अडकून बसले होते! कॅन्टीनमध्ये शाकाहारी जेवण रोज होतं. हिला माहीतच नव्हतं. दहा आठवडे पुरे करून, काम सादर करून ती परतली. खूप छान गेले का? शेवटचे सहा आठवडे बरे गेले, असं ती सांगते. मला ते उत्तर 'मस्त'पेक्षा जास्त आवडतं.

आता जाणाऱ्या मुलांना चार गोष्टी सांगतो. शक्यतो मंगळवार-बुधवारी पोचा आणि तिथल्या सुट्ट्यांची यादी आधी पाहा. खोलीत अंथरूण आहे का, शेगडी कुठल्या प्रकारची आहे, हे निघण्याआधी मेल करून विचारा. आपला जाड तीन पिनांचा प्लग युरोपात बसत नाही, ॲडाप्टर न्या. युरोपीय संघात अडचणीच्या वेळी ११२ हा नंबर लागतो, तो पाठ करा. आणि पहिले चौदा दिवस स्वतःकडून मोठ्या कामाची अपेक्षा ठेवू नका. त्या दिवसांत रुळणं हेच तुमचं काम.

पालकांना एकच. 'कशी आहेस' हा प्रश्न विचारू नका, त्याचं उत्तर 'मस्त' असंच येतं. काय जेवलीस, आज कुणाशी बोललीस, कुठल्या रस्त्यानं गेलीस, हे विचारा. आणि पोर म्हणालं, 'जमत नाही,' तर आधी पूर्ण ऐकून घ्या. तुमच्या घराण्याचा अभिमान अर्धा तास बाजूला राहिला तरी काही बिघडत नाही.

शेवटी वडिलांबद्दल. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या कारखान्याचा करार झाला. वडील वर्ध्याहून इथे आले आणि काही महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी त्यांना झापोरोझ्झियाला पाठवलं गेलं, जे आज युक्रेनमध्ये आहे. तिथून आईला आलेल्या प्रत्येक पत्रात 'येथे सर्व कुशल' असंच लिहिलेलं. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हा वडील त्या गर्दीत होते. त्या परदेशातल्या महिन्यांबद्दल ते अभिमानानंच बोलायचे. अगदी म्हातारपणी, एकदा मला म्हणाले, 'पहिला महिना मी चहा-पावावर काढला रे. ट्रॅममध्ये रडू यायचं. मग भट्टीवरचा एक म्हातारा फोरमन मला हाताला धरून घरी जेवायला घेऊन गेला. भाषा एकमेकांची येत नव्हती. बटाटे उकडलेले होते.'

तेव्हा मला लहानपणीचं एक कोडं उलगडलं. आमच्याकडे दिवाळीला दरवर्षी कुणी ना कुणी रशियन कुटुंब फराळाला असायचं. भिलाईच्या उन्हानं लालबुंद झालेली ती माणसं चकली हातात धरून बघत बसायची. आई कुरकुरायची, की ओळख ना पाळख. वडील म्हणायचे, 'असू दे. लांबून आलेत.'

आज आपल्या भिलाईला आयआयटी आहे. कुटेलाभाटाच्या त्या परिसरात देशभरातली पोरं येतात. कुणी केरळचा, कुणी आसामची. त्यांच्यासाठी भिलाई हाच परदेश. तुमच्या गावातही असं एखादं वसतिगृह असेलच. येत्या रविवारी त्यातल्या एकाला घरी जेवायला बोलवा. वरण-भात पुरे आहे.

जय हिंद.