सावलीतलं हिरवं खातं
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



बँकेत उभा जन्म काढलेला मी, आज एका बुडीत खात्याची कबुली देतो. खजिनदार असताना मागच्या जांभळाखाली लॉन लावायचा खर्च मीच दोनदा मंजूर करून घेतला. लॉनला हवं ऊन, आणि तिथे दाट सावली! त्यात आपल्या खंडाळ्याचा पाऊस, वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर. गवत कुजलं, माती वाहिली, भिंतीचा पाया उघडा पडला.

मग मी पिवळ्या फुलांची वेडेलिया आणली. भराभर पसरली, कौतुकही झालं. पण ती मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची. जगातल्या शंभर घातक आक्रमक जातींच्या यादीत तिचं नाव आहे, हे मला नंतर कळलं. तोवर ती भिंतीपलीकडे उतारावर गेली होती. तिथला रानतेरडा तिने दाबून टाकला. ती अजूनही आम्ही उपटतोच आहोत.

उपाय दाखवला आपल्या माळीमावशींनी. "काका, नळापाशी बघा की, आपोआप आलंय!" ती होती ब्राह्मी, म्हणजे मंडूकपर्णी, कोकणात हिला कारिवणा म्हणतात. गोल, मूत्रपिंडाच्या आकाराची पानं, कुळ कोथिंबिरीचं. जलब्राह्मी वेगळी, तिची पानं लहान, लांबट आणि मांसल. मंडूकपर्णीची वेल जमिनीवर सरपटते आणि पेरापेराला मुळं धरते. आमच्या भाषेत, चक्रवाढ व्याज!

जूनमध्ये वीतभर अंतरावर मुळांसकट तुकडे लावले. खर्च जवळजवळ शून्य. विरळ सावली आणि ओल मिळाली की ती बारमाही हिरवी राहते. एप्रिल-मेमध्ये मात्र पाणी द्यावं लागतं. रोजची पायवाट असेल तिथे ती टिकत नाही, म्हणून मधून फरश्यांची पाऊलवाट ठेवली आहे. औषधी आहे खरी, पण वैद्यांना विचारल्याशिवाय कोणी खाऊ नये.

गेले चार पावसाळे माती जागेवर आहे. आता तिथे पार्किंगसाठी पेव्हर ब्लॉक टाकायचा विषय वार्षिक सभेपुढे येतोय. गाड्यांची अडचण मला समजते. पण ब्लॉक टाकले तर पाणी मुरणार कुठे? जांभळाच्या मुळांचं काय? मतदानाआधी एकदा तिथे खाली वाकून बघा, एवढीच विनंती. दोनदा चुकलेल्या खजिनदाराचा हा सल्ला आहे. तो तपासूनच घ्या.